विजेचा षड्ज, लोकलचा ख्याल

डोंबिवलीचा माणूस अमेरिकेत गेला की मुंबईचा असतो, पुण्यात गेला की मुंबईजवळचा असतो आणि दादरला उतरला की डोंबिवलीचाच असतो. अशा माणसाला शास्त्रीय संगीताचा नाद असला तर घरचे सांभाळून घेतात; प्रत्येक घराण्यात एखादा काका तसा निघतोच. त्याला यंत्रांचा नाद असला तरी सांभाळून घेतात. पंखा दुरुस्त करायला बाहेरचा माणूस बोलवावा लागत नाही. पण हे दोन्ही नाद एकाच माणसाच्या अंगात आले की त्याला गाणं ऐकायला वेळ उरत नाही. तो गाणं ऐकण्याची तयारी करत असतो, आणि तयारी नीट झाली का हे तपासण्यापुरतं गाणं लावतो.

मी या जमातीचा आहे. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत, तिकडे वसई-विरार आणि खाली पनवेल, एवढ्या पट्ट्यात आमची वस्ती बरी आहे. आम्हाला ओळखणं सोपं. मैफलीत बाकीचे श्रोते गायकाकडे बघतात, आम्ही माइककडे बघतो. मध्यंतरात लोक बटाटेवड्याकडे धावतात, आम्ही साउंडवाल्याकडे. "तानपुऱ्याचा बेस जरा जास्त होतोय का?" असं आम्ही त्याला खालच्या आवाजात विचारतो. तो मिक्सरवरचं कुठलंही एक बटण हलवतो आणि म्हणतो, "आता बघा काका." आम्ही समाधानाने परत येतो. ते बटण कशालाही जोडलेलं नसतं हे त्यालाही ठाऊक असतं आणि आम्हालाही. पण संगीतात श्रद्धा लागते.

संगीत आणि यंत्र यांचं भांडण जुनं आहे आणि ते मुख्यतः वेळेवरून आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर गायल्या, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला दोन-तीन मिनिटं मावत. तेवढ्यात राग उभा करायचा, बंदिश म्हणायची, ताना घ्यायच्या आणि शेवटी परदेशातल्या कारखान्यातल्या लोकांना कळावं म्हणून इंग्रजीत आपलं नाव सांगायचं. आज दोन-तीन मिनिटांत आमच्याकडे 'सर्वप्रथम व्यासपीठावरील मान्यवर' सुद्धा संपत नाहीत. १९४८ मध्ये एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट काढली. तिच्या मुख्य जाती दोन, साठ आणि नव्वद, म्हणजे एका बाजूला तीस किंवा पंचेचाळीस मिनिटं. विलंबित ख्याल पंचेचाळीस मिनिटांत छान रंगे, पण द्रुत बंदिशीचा मुखडा येतो न येतो तोच 'खट्' आवाज व्हायचा. बाजू उलटून लावावी तर तिथे कुणाच्या तरी मुंजीची मंगलाष्टकं. आमच्या पिढीला अनेक रागांची द्रुत बंदिश अर्धीच माहीत आहे, त्याचं कारण हे.

त्या काळी रेडिओवरून गाणं टेप करणं हा घरगुती उद्योग होता. आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला आणि पुढे टेपरेकॉर्डर घरोघर आले तेव्हा शनिवारची रात्र आमच्याकडे संचारबंदीची झाली. रेडिओसमोर माइक ठेवायचा आणि सगळ्यांनी श्वास जपून घ्यायचा. तरी घर ते घरच. आमच्या संग्रहातल्या एका मारव्यात कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. पहिली कोमल रिषभावर, दुसरी शुद्ध धैवतावर आणि तिसरी बरोबर समेवर. पुढे त्याच गायकाचा मारवा स्वच्छ करून सीडीवर आला. मोठ्या हौसेने लावला. गाणं निर्दोष होतं, पण समेला आम्ही सगळे कुणाची तरी वाट बघत बसलो.

सीडी मात्र मुंबईजवळच्या माणसाला मानवली. तिच्यात ७४ मिनिटं मावत, आणि डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणारी धीमी लोकल साधारण सव्वा तास घेते. हा योगायोग फारसा कुणी नोंदवलेला नाही. तो इथे नोंदवून ठेवतो, पुढे लागणार आहे.

आता घर. ध्वनिशास्त्राची पुस्तकं सांगतात की दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, खाली गालिचा, मागे जाड पडदे आणि श्रोत्याच्या पाठीमागे मोकळी जागा. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांनी वन-बीएचके पाहिलेला नाही. आमच्या हॉलमध्ये असा त्रिकोण आखला तर एक टोक फ्रिजमध्ये जातं, दुसरं चपलांच्या रॅकवर, आणि रसिकाने डोळे मिटून बसायचं ते तिसरं टोक शेजारच्यांच्या बाथरूममध्ये. मी बायकोकडे फ्रिज हलवण्याचा विषय काढला.

"फ्रिज नाही हलणार," ती म्हणाली. "तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा. आवाज आपटून येईल की."

ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने हे अगदीच खोटं नव्हतं. खोलीत ऐकू येणारा बराचसा आवाज भिंतीवर आपटूनच आलेला असतो. फरक एवढाच की आमच्याकडे भिंतीवर आपटून मारवा येतो आणि भिंतीतून शेजारची मालिका येते, आणि दोघांच्या भेटीची वेळ रोज संध्याकाळी ठरलेली असते.

स्पीकरची जागा एकदाची ठरली की गुणगुण सुरू होते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. अर्थिंग नीट नसलं, किंवा दोन यंत्रं दोन वेगळ्या प्लगांतून जमिनीला जोडली गेली, की ती पन्नास आवर्तनं स्पीकरमधून ऐकू येऊ लागतात. पन्नासाच्या वरचं सप्तक शंभरावर. पेटीच्या भाषेत सांगायचं तर हा स्वर पांढरी पाचच्या किंचित वर लागतो. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर शंभरावर गुणगुणतो, जिन्यातल्या जुन्या ट्यूबलाइटचा चोक शंभरावर, इन्व्हर्टरही त्याच घराण्यातला. आमच्या सोसायटीत कुणाचं कुणाशी जुळत नाही, पण ही मंडळी पहिल्या दिवसापासून एका सुरात आहेत.

आणि सुरात म्हणजे किती? देशाच्या वीज-जाळ्याने ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या आत राहावं असा नियम आहे. संगीताच्या हिशेबात हा फरक सर्वांत लहान श्रुतीच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढा होतो. इतक्या बारीक हद्दीत सूर ठेवणारे गायक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतील, आणि त्यांच्यावर धरणं, कोळशाच्या खाणी आणि उन्हाळ्यातले एसी सांभाळण्याची जबाबदारी नसते. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं आणि तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच षड्ज झाला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत एकत्र आणायचे केवढे प्रयत्न झाले. ते काम शेवटी इंजिनिअरांनी केलं आणि कुणी त्यांना शालही पांघरली नाही. अमेरिकेत वीज साठ आवर्तनांची. तो स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अगदी मधोमध पडतो, म्हणजे पेटीवर कुठेच नाही. तिकडच्या महाराष्ट्र मंडळांत पेटी आणि गायक यांचं एकमत का होत नाही, याचं हेच कारण असावं अशी माझी समजूत आहे. भाच्याने न्यू जर्सीहून ती खोडून काढली, पण तो सॉफ्टवेअरमधला आहे.

आमच्या घरी या षड्जाने एक प्रसंग उभा केला. बायको गाणं शिकते आणि तिचा स्वर पांढरी पाच. घरातली गुणगुण त्याहून चढी. माणूस शेवटी आजूबाजूचं ऐकून बिघडतो, तसा तिचा सूर हळूहळू चढू लागला. मी अर्थिंग तपासलं, वायरी बदलल्या, प्लग उलटसुलट केले. गुणगुण मुक्कामाला राहिली. मग तिनेच तोडगा काढला. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला बारीक सूर फिरवायची कळ असते. ती तिने जराशी वर नेली आणि तानपुरा विजेशी जुळवून टाकला. आता घरात रियाझ राष्ट्रीय षड्जात होतो. पुढच्या शिकवणीला गुरुजींनी कपाळाला आठी घालून विचारलं, "ताई, पांढरी पाच नाही, काळी चार नाही, मग हा नक्की कुठला स्वर?"

"डोंबिवली पूर्व," ती म्हणाली.

यंत्रांकडे बघून नाकं मुरडणारे लोक संगीतात नेहमीच होते. आज जिच्याशिवाय मैफल होत नाही ती पेटी आकाशवाणीने १९४० मध्ये बंद केली होती, कारण ती परदेशी, तिच्यातून मींड निघत नाही आणि तिचे सूर ठोकळेबाज. ही बंदी तीसेक वर्षं टिकली. आता ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुती वाजवणारी पेटी बनवली आहे, तर तिला नावं ठेवणारे साध्या पेटीची बाजू घेतात. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला तेव्हा 'हा तानपुरा नव्हे, हा तर खोका' असं म्हणणारे बुजुर्ग होते. त्यांचे शिष्य आज तो खोका मांडीशी घेऊन बसतात आणि मोबाइलमधल्या तानपुऱ्याकडे बघून म्हणतात, "त्या खोक्यातली मजा यात नाही." माझा अनुभव असा की संगीतात कुठलंही यंत्र अस्सल ठरायला त्याच्या मागून दुसरं यंत्र यावं लागतं.

तानपुऱ्याचा खरा अपमान मात्र माणसांनी नव्हे, सॉफ्टवेअरने केला. लॉकडाउनमध्ये गाण्याच्या शिकवण्या व्हिडिओ कॉलवर गेल्या. या कॉलच्या प्रणालीत नको असलेला आवाज आपोआप गाळायची सोय असते. नको असलेला आवाज म्हणजे काय? तर जो संथपणे, न थांबता, एकाच पट्टीत चालू राहतो तो. पंखा, एसी, मिक्सर. तानपुऱ्याचं वर्णन याहून नेमकं करता येणार नाही! बायकोने तानपुरा लावला की गुरुजींकडे क्षणभर तो ऐकू जाई आणि मग प्रणालीच्या लक्षात येई की हा तर कचरा आहे. लांबवलेला षड्जही हळूच पुसला जाई. उरत काय, तर माझा खोकला, कढईत उलथनं आपटल्याचा आवाज आणि खालून 'भंगारवाला'. ही सोय बंद करण्याची खूण सापडेपर्यंत गुरुजींनी बरेच दिवस आमच्या भंगारवाल्याचा स्वर ऐकला. तो पक्का काळी एकमध्ये आहे, असं त्यांचं मत पडलं.

आमच्या जमातीचं तीर्थक्षेत्र म्हणजे लॅमिंग्टन रोड. त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव मिळून खूप वर्षं झाली, पण त्या पत्त्यावर अजून कुणी वायर घ्यायला गेलेलं नाही. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि दुकानाच्या फळीपुढे जाऊन उभं राहायचं. तिथले संवाद उपनिषदांच्या वळणाचे असतात.

"पिन पाहिजे. ओरिजिनल."

"साहेब, ओरिजिनल पाहिजे की ओरिजिनलसारखी?"

"ओरिजिनल."

"मग ओरिजिनलसारखी घ्या. ओरिजिनलमध्ये सध्या सगळा डुप्लिकेट माल येतोय."

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. पिनेला सोन्याचा मुलामा असतो. त्याला शास्त्रीय आधार आहे. सोनं गंजत नाही आणि खाडीजवळच्या दमट हवेत बाकी सगळं गंजतं. एकदा दसऱ्याच्या दिवशी अशा पिना घेऊन मी घरी आलो आणि उंबऱ्यातूनच म्हणालो, "सोनं आणलंय." त्यानंतरचा आमचा संवाद ध्वनिमुद्रित झालेला नाही, पण त्याची डायनॅमिक रेंज उत्तम होती.

याच रस्त्यावर आवाजाचे आकडे विकत मिळतात. सीडी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेते. आता एक लाख ९२ हजार नमुन्यांच्या फायली मिळतात आणि चाळीस हजार हर्ट्झपर्यंत वाजणारे हेडफोनही मिळतात. तरुण माणसाच्या कानाची वरची हद्द वीस हजार. पन्नाशीनंतर ती बारा हजारांच्या आसपास येते. म्हणजे हे हेडफोन परवडण्याएवढा पगार होईपर्यंत ते ऐकणारे कान निवृत्त झालेले असतात. त्यातून आमची आवड अशी की जितकं मुद्रण जुनं तितका आनंद मोठा, आणि ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांत पाच-सहा हजारांच्या वर फारसं काही नसतंच. चाळीस हजारांचा लाभ व्हायचा तर तो सोसायटीच्या कुत्र्याला. त्याची ऐकण्याची हद्द तेवढी आहे. पण त्याला घराण्यांचा गंध नाही.

एवढी सामग्री घेऊन रसिक लोकलमध्ये चढतो. सोनीने १९७९ मध्ये वॉकमन काढला तेव्हा चालता चालता ऐकण्याची कल्पना त्यांच्या डोळ्यांपुढे असावी. आमच्याकडे चालायला जागा नव्हती, म्हणून आम्ही तो उभ्याने ऐकला. वायरचे इअरफोन गर्दीत दोन-चार लोकांच्या बॅगांतून ओवले जात आणि ठाण्याला एखादा गृहस्थ उतरू लागला की आपला यमन त्याच्याबरोबर उतरू लागे. २०१६ पासून फोनमधून इअरफोनचं भोक नाहीसं होऊ लागलं आणि बिनवायरीची बोंडं आली. आता यमन उतरत नाही, बोंडच उतरतं. माझ्या एका मित्राचं डाव्या कानाचं बोंड कुर्ल्याला फलाट आणि गाडी यांच्यामधल्या फटीत गेलं. एकटं डावं बोंड काही मिळेना. तो आठवडाभर दुःखात होता. मी त्याला समजावलं की तू ज्यांना ऐकतोस त्यांचं सगळं मुद्रण मोनो आहे, दोन्ही कानांत तेच वाजत होतं. तेव्हापासून तो निम्म्या खर्चात संपूर्ण आनंद घेतो.

गोंगाट मारणारे हेडफोन हे या शतकातलं आश्चर्य आहे. त्यातला छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो, यंत्र त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करतं आणि दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. पण हे जमतं ते खालच्या पट्टीतल्या, सलग चालणाऱ्या आवाजांबाबत. चाकांची घरघर जाते, पंख्याची जाते. माणसाचं बोलणं मात्र वर-खाली उड्या मारतं, ते बरंचसं तसंच राहतं. परिणामी लोकलमध्ये हेडफोन घातले की गाडी नाहीशी होते आणि प्रवासी राहतात. पूर्वी चाकांच्या आवाजात बुडून गेलेली वाक्यं आता स्वच्छ येतात. मी तोडीच्या आलापात शिरू बघतो आणि शेजारचा फोनवर सांगत असतो, "नाही, तो प्लॉट मामाच्याच नावावर आहे." डोंबिवली ते घाटकोपर मला त्या प्लॉटचा सातबारा पाठ झाला. तोडीचा गंधार कुठे लागला ते आठवत नाही.

भजनी मंडळाच्या डब्यात हे हेडफोन पूर्ण शरण येतात. टाळांच्या आवाजाची उलटी लहर अजून कुठल्या कंपनीला सापडलेली नाही. मी एकदा त्या मंडळींत सापडलो. बुवांनी माझ्या कानांकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, यात तानपुरा आहे का?" होता. "मग लावा की, काळी दोन." मी हेडफोन काढले, फोनचा आवाज मोठा केला आणि ठाण्यापर्यंत सगळा डबा काळी दोनमध्ये गायला. माझ्या महागड्या यंत्रांचा दुसऱ्या कुणाला उपयोग झाला, असा तो एकमेव प्रसंग.

रागांच्या वेळा हा आणखी एक घोळ. पहाटे भैरव, सकाळी तोडी, दुपारी सारंग, सूर्यास्ताला मारवा, रात्री मालकंस आणि दरबारी. शास्त्रकारांनी दिवसाचे आठ प्रहर केले, पण त्यांतला एकही ऑफिसला जाण्यासाठी राखून ठेवला नाही. त्यातून रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० पासून आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे रात्रभराच्या मैफली गेल्या आणि पहाटेचे राग बेघर झाले. दिवाळी पहाट सोडली तर प्रत्यक्ष भैरव किंवा ललत ऐकायला मिळणं कठीण झालं. त्यांना आसरा दिला तो लोकलने. सव्वासहाच्या गाडीत ललत, सातच्या गाडीत भैरव, आठच्या गाडीत तोडी. नऊनंतरच्या गाडीत कुठलाच राग चालत नाही, तिथे फक्त लयकारी. संध्याकाळी परत येताना मुंब्र्याच्या खाडीवर सूर्य मावळताना मारवा लावला की शास्त्र आणि वेळापत्रक यांचा मेळ बसतो. गाडी वेळेवर असली तर. उशीर झाला तर यमन तयार ठेवावा आणि पावसाळ्यात थेट दरबारीच.

फोनमधल्या बुद्धिमान यंत्रणांबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण त्या आमच्याबद्दल फार बोलतात. मी एकदा रात्री दरबारी ऐकला, तर दुसऱ्या दिवसापासून मला झोप येत नसल्याचा निष्कर्ष निघाला. 'गाढ निद्रेसाठी बासरी', 'पचनासाठी राग', 'कुत्र्यांना शांत करणारी सतार' असा मजकूर ओळीने हजर. गाणं ओळखणाऱ्या ॲपला मी बायकोचा भूप ऐकवला. ते बिचारं साठवलेल्या मुद्रणाचे ठसे जुळवून पाहतं. भूप दर वेळी नवा गायला जातो ही गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नाही. त्याने बराच विचार करून एका साबणाची जाहिरात ओळखली. बायको दोन दिवस बोलत नव्हती, ॲपशीही आणि माझ्याशीही. गाणी उलटसुलट क्रमाने वाजवण्याचं बटण तर ख्यालाचा कट्टर वैरी. ते आधी द्रुत लावतं, मग तराणा, मग विलंबित. गायक घामाघूम होऊन संपवतो आणि त्यानंतर अर्धा तास 'आता सावकाश सुरू करू या' असा आलाप. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिटाच्याही पुढे जातं. फुकट ऐकणाऱ्याला त्याच्या नेमक्या अकराव्या मात्रेवर घरकर्जाची जाहिरात मिळते. सम येते ती व्याजदरावर.

बिनवायरी स्पीकरवर टीव्हीची मैफल ऐकण्याचा प्रयोगही करून बघण्यासारखा आहे. चित्र लगेच येतं, आवाज वाटेत रेंगाळतो. साध्या स्पीकरला एक-पंचमांश सेकंद सहज उशीर होतो. किरकोळ वाटेल, पण द्रुत तीनतालात मिनिटाला तीनशे मात्रा पडत असतील तर एक मात्रा बरोबर तेवढीच. म्हणजे तबलजीचा हात समेवर पडलेला दिसतो आणि आवाज येतो तो पहिल्या मात्रेऐवजी दुसऱ्या मात्रेवर. आमच्या घरी डोळ्यांनी ऐकणारे आधी 'क्या बात है' म्हणतात आणि कानांनी ऐकणारे नंतर. पाहुण्यांना वाटतं, या घरात रसिकतेत मतभेद आहेत.

मग या सगळ्यातून चांगलं ऐकायचं कुठे? इतकी वर्षं यंत्रं घासल्यावर माझं उत्तर ठरलं आहे. डोंबिवलीहून सुटणाऱ्या धीम्या लोकलमध्ये. जलद लोकल ही द्रुत बंदिश आहे, सुरू होण्याआधीच संपते आणि अंगावर वळ ठेवते. धीमी लोकल म्हणजे विलंबित ख्याल. प्रत्येक स्टेशनाला भेटते, कोपरला थांबते, दिव्याला रेंगाळते, मुलुंड-नाहूर-भांडुप अशी एकेक जागा घेत पुढे सरकते आणि सीएसएमटीला जाऊन समेवर टेकते. सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळण्याची निदान आशा असते. त्या सव्वा तासात दार वाजत नाही, गॅसवर दूध नसतं, फ्रिज हलवायचा प्रश्न नसतो, अर्थिंगची चिंता नसते. घरात अख्खा ख्याल एका बैठकीत ऐकणं आता कुणालाच जमत नाही. महानगराने आमच्या आयुष्यातले रोजचे अडीच तास काढून घेतले, असं लोक तक्रारीने सांगतात. मी म्हणतो, ज्यातून उठून जाता येत नाही असा वेळ फक्त तेवढाच आहे, आणि विलंबित ख्यालाला नेमका तसाच श्रोता लागतो.

तेव्हा मुंबईजवळ राहणाऱ्या नवख्या रसिकांना माझा सल्ला फुकट आहे. स्पीकर नंतर घ्या, सोन्याच्या पिना तर कधीच घेऊ नका, दसऱ्याला तर नाहीच. आधी एक वायरचा साधा इअरफोन घ्या आणि धीम्या गाडीचा पास काढा. रात्रीच एक राग फोनमध्ये उतरवून ठेवा, गाडीत चढताच फोन विमानात बसल्याच्या अवस्थेत टाका, म्हणजे जाहिरात येणार नाही आणि साहेबही येणार नाही. राग एकच ठेवा. दोन ठेवलेत तर विक्रोळीला मन बदलतं.

माझ्या घरची यंत्रं बघायला कधीही या, चहा होईल. ऐकायचं असेल तर मात्र सकाळी फलाटावर भेटा. फक्त चौथ्या सीटवर बसून माझ्याशी बोलू नका.